चारशे गाण्यांची धनीण, जी कधी गायलीच नाही: स्कॉटलंडच्या कथागीतांतली बाई आणि तिचे नाव

१/
बेल रॉबर्टसन ही स्कॉटलंडच्या ईशान्य कोपऱ्यात न्यू पिटस्लिगो या गावी राहणारी बाई. जन्म १८४१, मृत्यू १९२२. विसाव्या शतकाच्या आरंभी गॅव्हिन ग्रेग नावाच्या शाळामास्तराला तिने जवळजवळ चारशे गाण्यांचे शब्द पुरवले. एवढा ठेवा एकट्या माणसाने दिल्याची उदाहरणे युरोपभर शोधली तरी मोजकीच सापडतील. आणि या चारशेंपैकी एकही गाणे तिने ग्रेगला गाऊन दाखवले नाही. ती गातच नसे. आईच्या तोंडून ऐकलेले शब्द तिच्यापाशी होते, चाली नव्हत्या.

२/
मग तिला गायिका म्हणावे का? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्या काळच्या पंडितांच्या मते लोकगीत 'लोकां'चे असते. एकटी व्यक्ती म्हणजे पाणी वाहून नेणारा पाट. पाटाला कुणी नाव विचारत नाही. या धाग्यात अशाच काही पाटांची नावे घ्यायची आहेत. त्यांतली बहुसंख्य नावे बायकांची आहेत, आणि तो योगायोग नाही.

३/
आधी थोडे 'बॅलड' या शब्दाविषयी. बॅलड म्हणजे कथागीत. स्कॉटिश परंपरेत ते एकट्याने, वाद्याच्या साथीविना गायचे. कडवी बहुधा चार ओळींची. गोष्ट मधूनच सुरू होते, पात्रे एकमेकांशी बोलतात, कुणाचा खून होतो, कुणी समुद्रात बुडते. आणि गाणारा त्यावर चकार शब्द काढत नाही. तो हळहळत नाही, दोष देत नाही, तात्पर्य सांगत नाही. यांतल्या दीर्घ, गंभीर गीतांना तिकडच्या बोलीत 'मकल सँग्ज', म्हणजे 'मोठी गाणी' म्हणतात.

४/
मराठी वाचकाला इथे पोवाडा आठवणे स्वाभाविक आहे. हॅरी अ‍ॅकवर्थने १८९४ साली मराठी पोवाड्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा त्याने 'बॅलड' हाच शब्द वापरला, आणि तो पोवाड्याला कायमचा चिकटला. पण एक फरक मोठा आहे. पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपले नाव गुंफतो; अफजलखानाच्या पोवाड्यामुळे अगिनदास आपल्याला ठाऊक आहे. स्कॉटिश कथागीतात अशी नाममुद्रा नसते. रचणाऱ्याची नाही आणि गाणाऱ्याचीही नाही.

५/
या निनावीपणावर शिक्कामोर्तब केले हार्वर्डच्या प्रोफेसर फ्रान्सिस जेम्स चाइल्डने. १८८२ ते १८९८ या काळात त्याने इंग्रजी-स्कॉटिश कथागीतांचा विराट संग्रह छापला. एकूण ३०५ कथागीते. प्रत्येकाला क्रमांक, आणि प्रत्येक क्रमांकाखाली सापडतील तेवढे पाठ, त्यांना अ, ब, क अशी अक्षरे. आजही जाणकार 'चाइल्ड ३९', 'चाइल्ड १७३' अशाच भाषेत बोलतात. पद्धत निर्दोष होती. मात्र तिच्यात एका बाईने जन्मभर सांभाळलेला ठेवा तीसेक ठिकाणी विखुरला जाई, आणि ती बाई दर ठिकाणी एक अक्षर होऊन उरे.

६/
त्यातले सर्वांत नामांकित 'अक्षर' म्हणजे अ‍ॅना गॉर्डन, लग्नानंतरची मिसेस ब्राउन. जन्म १७४७, जुने अ‍ॅबर्डीन. वडील थॉमस गॉर्डन तिथल्या किंग्ज कॉलेजात प्रोफेसर, नवरा अँड्र्यू ब्राउन फाइफमधल्या फॉकलंड गावचा धर्मोपदेशक. तिची तीसहून अधिक गीते चाइल्डच्या संग्रहात आहेत. तिने सांगितलेल्या कथागीतांहून सरस कथागीते स्कॉटलंडमध्ये नाहीत, असे चाइल्डने स्वच्छ लिहून ठेवले आहे. एवढी स्तुती त्याने दुसऱ्या कुठल्या गायिकेची केलेली नाही.

७/
ही गाणी तिला मिळाली कुठून? याचे उत्तर तिच्या वडिलांच्या १७९३ च्या एका पत्रात आहे, आणि ते मुळातून वाचण्याजोगे आहे. अ‍ॅनाची मावशी मिसेस फार्करसन ही ब्रेमारच्या डोंगराळ भागात, डी नदीच्या उगमाजवळ एका लहानशा जहागीरदाराच्या घरी दिलेली. आयुष्याचा बराच काळ तिने गुराढोरांत, मेंढरांत काढला. तिथल्या दाया आणि खेड्यातल्या बायका जे गात, ते तिच्या स्मरणात पक्के बसले. म्हातारपणी ती अ‍ॅबर्डीनला आली, बहिणीच्या मुलांवर जीव लावला आणि त्यांना ही गाणी ऐकवली. धाकट्या अ‍ॅनाने ती सगळी पाठ केली.

८/
ही साखळी नीट पाहा. दाई, खेड्यातली बाई, मावशी, भाची. घरात ग्रीक-लॅटिनचा प्रोफेसर, त्याच्या शेल्फावर होमर. आणि त्याच छपराखाली, त्याच्या विद्येला समांतर, बायकांची एक वेगळी विद्या चालली होती. तिचे ग्रंथ नव्हते आणि तिला पदवीही नव्हती. प्रोफेसरसाहेबांना तिचा खरा थांगपत्ता लागला तो बाहेरचे विद्वान ती गाणी मागू लागले तेव्हा.

९/
या गाण्यांत काय असे? 'विलीज लेडी' हे चाइल्डच्या यादीतले सहावे गीत पाहा. ते टिकले ते जवळजवळ केवळ अ‍ॅनामुळे. विलीने आईच्या मनाविरुद्ध लग्न केले आहे. सासू चेटकीण. तिने करणी केली आहे की सून कधी बाळंत होऊ नये, पोटातल्या गर्भासह मरावी. सोने-नाणे, उंची घोडा, काही देऊ केले तरी सासू ऐकत नाही. शेवटी घरातला एक अदृश्य हितकर्ता युक्ती सांगतो: मेणाचे बाळ करा, त्याचे बारसे मांडा, सासूला बोलवा. सासू बाळ पाहून चकित होते आणि भडाभडा बोलून जाते. माझ्या गाठी कुणी सोडल्या, माझे कंगवे कुणी काढले, बुटाची नाडी कुणी उकलली? करणी कुठे दडली आहे हे कळते, गाठी सुटतात, मूल जन्मते.

१०/
बाळंतपणात बाई दगावणे ही अठराव्या शतकातली रोजची भीती होती. सून आणि सासू यांच्यामधला ताण तर सांगायलाच नको. लढाया आणि सरदार यांच्या कथागीतांवर ज्यांचा जीव होता, त्या पुरुष संग्राहकांच्या वहीत हे गीत आले ते एका बाईच्या स्मरणातून. दाईच्या तोंडी असे गीत कसे वाजले असेल, याची कल्पना करायला फार विद्वत्ता लागत नाही.

११/
अ‍ॅनाची गाणी १७८३ मध्ये प्रथम लिहून घेतली गेली. विल्यम टायटलर या विद्वानाच्या विनंतीवरून तिच्या किशोरवयीन भाच्याने ती उतरवली, चालीही लिहिल्या; पण संगीतात तो नवशिका, त्यामुळे चाली अडखळत्या उतरल्या. पुढे १८०० मध्ये तिने आणखी गीते दिली. त्यांत एक गीत दोन्ही वेळचे आहे: 'द लास ऑफ रॉख रॉयल'. कडेवर तान्हे मूल घेऊन एक मुलगी रात्री प्रियकराच्या दाराशी येते; आतून त्याची आई मुलाचा आवाज काढून तिला हाकलते. सतरा वर्षांच्या अंतराने गोष्ट तीच राहिली, शब्द बरेच बदलले.

१२/
या दोन पाठांवरून विसाव्या शतकात मोठा वाद झाला. डेव्हिड बकनने १९७२ च्या आपल्या ग्रंथात म्हटले की अ‍ॅना शब्द पाठ करत नव्हती. कथेचा सांगाडा आणि ठरावीक वाक्प्रयोग मनात ठेवून दर वेळी गीत नव्याने घडवत होती. म्हणजे ती निर्माती ठरते. विरोधकांनी दाखवले की तिचे बाकीचे पाठ इतके सैल नाहीत, आणि ती शिकलेली, छापील कविता वाचणारी बाई होती हे विसरून चालणार नाही. बकनची भूमिका जरा ताणलेली आहे हे मान्य करावे लागते. पण त्याने एक गोष्ट बदलली: त्यानंतर कुणाला 'पाट' हा शब्द सहज वापरता आला नाही.

१३/
आता नावाची गोष्ट. १८०२-०३ मध्ये वॉल्टर स्कॉटचा 'मिन्स्ट्रेल्सी ऑफ द स्कॉटिश बॉर्डर' निघाला. त्यात अ‍ॅनाच्या गीतांचा भरपूर उपयोग होता आणि ती कुणाकडून आली तेही छापले होते. आजच्या दृष्टीने ही कृतज्ञता. अ‍ॅनाला मात्र ते रुचले नाही. धर्मोपदेशकाची पत्नी, प्रोफेसरची मुलगी. तिचे नाव छापील पुस्तकात, तेही दायांच्या गाण्यांसंदर्भात? त्या काळी कुलीन स्त्रीचे नाव चारचौघांत येणे हीच अडचण. ज्या नावासाठी आजचा अभ्यासक तिच्या वतीने भांडतो, ते नाव झाकून राहावे अशी खुद्द तिची इच्छा होती. इतिहासात असे पेच येतात, आणि ते पुसून टाकू नयेत.

१४/
त्याच सुमारास, १८०२ मध्ये, स्कॉट एट्रिक खोऱ्यात कवी जेम्स हॉगच्या आईला, मार्गारेट लेडलॉला भेटला. हॉगने ही भेट पुढे बऱ्याच वर्षांनी लिहून काढली, त्यामुळे थोडे मीठमसाला धरून वाचावे. म्हातारीने त्याला सुनावले ते असे: ही गाणी गायची होती, वाचायची नव्हती; तुम्ही छापून त्यांची जादू मोडलीत, आता ती कुणी गाणार नाही; आणि वर ती धड लिहिलेलीही नाहीत. स्कॉटला टोकणारी माणसे त्या काळात फार नव्हती. जिला टोकावेसे वाटले, ती मेंढपाळाची बायको होती.

१५/
म्हातारीच्या तक्रारीत तथ्य होते. स्कॉट आणि रॉबर्ट जेमिसन दोघेही निरनिराळे पाठ जुळवून 'उत्तम' पाठ तयार करत. जेमिसन तर मधल्या फटी स्वतःच्या कडव्यांनी बुजवी. पाच बायकांची पाच गाणी मिळून एक झाले की ते कुणाचे उरते? शब्दांबरोबर त्या त्या बाईची निवड पुसली जाते: कुठे थांबायचे, कुणाच्या तोंडी शेवटचे वाक्य द्यायचे, काय गाळायचे.

१६/
ही निवड किती मोलाची होती हे कळायला एक कायदा माहीत हवा. १६९० मध्ये स्कॉटिश संसदेने बालहत्येविषयी कायदा केला. एखाद्या स्त्रीने गरोदरपण लपवले, बाळंत होताना मदतीला कुणाला हाक मारली नाही आणि मूल मेलेले किंवा नाहीसे झालेले आढळले, तर तिने खून केला असे गृहीत धरले जाई. मूल मृत जन्मले असले तरी तिची सुटका कठीण. शिक्षा फाशी. हा कायदा १८०९ पर्यंत टिकला. नंतर त्या जागी गर्भ लपवण्याचा वेगळा गुन्हा आला, शिक्षा फार तर दोन वर्षे कैद.

१७/
लपवायचे कशासाठी? कारण अविवाहित गरोदर मुलीला चर्चच्या पंचांसमोर उभे राहावे लागे, आणि रविवारी भरल्या सभेत पश्चात्तापाच्या बाकावर बसावे लागे. घरकामाची नोकरी जाई. म्हणजे एका बाजूला जाहीर बेअब्रू आणि दुसऱ्या बाजूला फास.

१८/
आणि याच काळात, याच देशात बायका 'मेरी हॅमिल्टन' (चाइल्ड १७३) गात होत्या. राणीच्या चार सख्यांपैकी एक मेरी राजघराण्यातल्या पुरुषापासून गरोदर राहते, मूल समुद्रात सोडते, पकडली जाते, एडिंबराला फासावर जाते. चाइल्डला या गीताचे वीसहून अधिक पाठ मिळाले. स्कॉटिश राणी मेरीच्या खऱ्या सख्यांत हॅमिल्टन नव्हती. फ्लेमिंग, सीटन, बीटन आणि लिव्हिंगस्टन अशी त्यांची आडनावे. या कथेमागची खरी घटना कोणती यावर पंडितांनी पाने भरली आहेत, अगदी रशियाच्या दरबारापर्यंत ते पोहोचले. गाणाऱ्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते.

१९/
या गीताची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. सुरुवात तिऱ्हाइताची: 'तिने' असे केले, 'तिला' असे विचारले. शेवटाकडे येताना मेरी स्वतः बोलू लागते आणि गीत 'मी'वर संपते. पुढे पुढे अनेक जणी तर केवळ तो शेवटचा 'मी'चा भाग गाऊ लागल्या. कथा परकीची, आवाज आपला. पश्चात्तापाच्या बाकावरची मुलगी तिथे स्वतःसाठी जे बोलू शकत नव्हती, ते मेरी हॅमिल्टनच्या नावाने स्वयंपाकघरात म्हणता येत होते. गाणारी फक्त गात होती. तिला कोण जाब विचारणार? कथागीताचा तो प्रसिद्ध अलिप्तपणा कित्येक बायकांसाठी आडोसा होता, असे मानायला जागा आहे.

२०/
डेबोरा सिमंड्स या इतिहासकार स्त्रीने १९९७ मध्ये नेमका हाच धागा धरून पुस्तक लिहिले: एकीकडे बालहत्येचे खटले, दुसरीकडे बायकांची कथागीते. तिच्या मते गाण्यातल्या बायका धीट, रोखठोक, प्रसंगी क्रूर आहेत. छापील साहित्याने त्यांच्या जागी सोज्ज्वळ नायिका आणली. स्कॉटचीच १८१८ ची कादंबरी 'द हार्ट ऑफ मिडलोथियन' घ्या. तिच्यामागे खरी घटना आहे. १७३८ मध्ये डम्फ्रीझला इझोबेल वॉकरला याच कायद्याखाली फाशीची शिक्षा झाली. 'गरोदर असल्याचे तिने मला सांगितले होते' एवढे एक खोटे वाक्य बहीण हेलन बोलती तर ती वाचती. हेलन खोटे बोलली नाही. तिने लंडन गाठले आणि बहिणीसाठी माफी मिळवली.

२१/
स्कॉटने नायिका कुणाला केले? खोटे न बोलणाऱ्या बहिणीला. पुढे हेलनच्या थडग्यावर त्याने दगडही बसवला. कथागीताने मात्र दुसऱ्या बहिणीला शेवटचे शब्द दिले असते.

२२/
सगळेच संग्राहक जोडाजोड करणारे नव्हते. विल्यम मदरवेल हा पेझ्लीचा सरकारी कारकून, राजकारणाने कट्टर टोरी. १८२५ मध्ये तो जवळच्या किलबार्कन गावात अ‍ॅग्नेस लाइल या विणकराच्या मुलीकडे गेला आणि तिची वीसेक गीते ऐकली तशी उतरवून घेतली. दोन वर्षांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने ठामपणे लिहिले की पाठांची भेसळ करू नये, प्रत्येक गाणाऱ्याचा पाठ स्वतंत्रच ठेवावा. म्हणूनच विल्यम मॅकार्थीला १९९० मध्ये एकट्या अ‍ॅग्नेसवर अख्खे पुस्तक लिहिता आले.

२३/
त्यातून एक माणूस दिसतो. अ‍ॅग्नेसच्या गाण्यांत बडे लोक विश्वासघातकी असतात, आणि तिला शोकान्त आवडतो. इतरत्र गोड शेवट होणारी गोष्टही तिच्याकडे दुःखाकडे झुकते. किलबार्कन हे हातमागाचे गाव. १८२० मध्ये पश्चिम स्कॉटलंडचे विणकर संपावर गेले, काहींनी शस्त्रे उचलली, काही फासावर गेले. त्यानंतर पाचच वर्षांनी ही बाई एका टोरी अधिकाऱ्यापुढे बसून दगाबाज सरदारांची गाणी गात होती. मदरवेलने ती प्रामाणिकपणे लिहून घेतली. दोघांमध्ये त्या वेळी काय बोलणे झाले असेल, हे जाणून घ्यायला कुणालाही आवडेल.

२४/
मग पुरुष काय गात? ईशान्य स्कॉटलंडच्या शेतांवर अविवाहित गडी सहा-सहा महिन्यांच्या कराराने राहत. मे आणि नोव्हेंबरच्या गडीबाजारात मजुरी ठरे. कुठे ते बॉथीत, म्हणजे वेगळ्या झोपडीवजा घरात राहून हाताने रांधत. कुठे तबेल्यालगतच्या खोलीत निजत आणि जेवायला मालकाच्या स्वयंपाकघरात जात. त्यांची गाणी म्हणजे 'बॉथी बॅलड'. घोड्यांच्या दाण्याच्या पेटीवर बसून, टाचांनी पेटीवर ठेका धरून गात, म्हणून काहींना 'कॉर्नकिस्टर' असे नाव पडले.

२५/
या गाण्यांत नावांची नुसती रेलचेल. शेत कोणते, मालक कोण, जेवण किती भिकार, घोडे किती मरतुकडे, सगळे नावानिशी. 'ड्रमडेल्गी' हे एका शेताचेच नाव. बाजारात पुढच्या गड्याला सावध करण्याचे ते एक साधन होते. पुरुषाला तक्रार उघड गाता येई, कारण सहा महिन्यांनी तो दुसरीकडे जाणार असे. बायकांच्या मोठ्या गाण्यांतली घरे किल्ल्यांची आणि माणसे राजकुळातली. घरातून उठून त्यांना कुठे जायचे होते?

२६/
मात्र ही विभागणी फार घट्ट धरू नये. बायका बॉथीची गाणी गात, पुरुष मोठी गाणी गात. १९५१ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स आणि हेमिश हेंडरसन यांनी फायव्हीजवळच्या जॉन स्ट्राखनचे ध्वनिमुद्रण केले. मालकांना शिव्या देणारी गाणी तो झोकात म्हणे. तो स्वतः मोठा शेतमालक होता! आणि गेलिक भाषेच्या बेटांवर तर लोकर बडवताना बायकांनी समूहाने गायची गाणी हे आणखी निराळे जग. त्याचा इथे उल्लेख करून थांबावे लागेल.

२७/
बेल रॉबर्टसनकडे परत येऊ. ग्रेग आणि त्याचा जोडीदार, धर्मोपदेशक जेम्स डंकन यांनी तीन हजारांहून अधिक गीते जमवली. डंकनला शेकडो गीते त्याच्या सख्ख्या बहिणीने, मार्गारेट गिलेस्पीने दिली. ग्रेग १९१४ मध्ये गेला, डंकन १९१७ मध्ये. १९२५ साली निघाले ते फक्त जुन्या कथागीतांचे एक पुस्तक, कारण 'खरी' गाणी तीच असे तेव्हाचे मत. संपूर्ण संग्रह आठ खंडांत छापून झाला १९८१ ते २००२ या काळात, आणि त्यात प्रत्येक पाठाशी देणाऱ्याचे नाव आहे. बेलला जाऊन तोवर ऐंशी वर्षे झाली होती.

२८/
दरम्यान ध्वनिमुद्रण यंत्र आले. १९५१ मध्ये एडिंबरा विद्यापीठात स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झाली, आणि १९५३ मध्ये हेंडरसन अ‍ॅबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसनच्या दारात पोहोचला. जीनी (१९०८–१९७५) ट्रॅव्हलर समाजातली. भटकंती करणारा, भांडी कल्हई-डागडुजी करणारा, मोती वेचणारा समाज, ज्याला बाकीचे लोक हेटाळणीने 'टिंकर' म्हणत. पंडित ज्या गीतांना मेलेली समजत होते, ती तिच्या स्वयंपाकघरात जिवंत होती. बहुतेक तिच्या आईकडून आलेली. १९६८ मध्ये तिला ब्रिटिश सरकारने एमबीई हा किताब दिला.

२९/
जीनीचे एक गीत लिंग आणि ओळख यांविषयी बरेच सांगून जाते. रोज भेटणार नाही असा मी एक पुरुष आहे, नाव जॉक स्ट्यूअर्ट, अशी बढाई मारणारे ते गाणे. जीनी ते शब्द न बदलता गाई. श्रोत्यांना विचित्र वाटत नसे. परंपरेत 'मी' म्हणजे गाणाराच, असा करार नसतो. शिवाय जीनीच्या आईचे माहेर स्ट्यूअर्टांचे. म्हणजे पुरुषाच्या तोंडचे गीत गाताना ही बाई आपल्या मातृकुळाचे नाव घेत होती, असेही ऐकता येते.

३०/
सगळ्यांनाच व्यासपीठ हवे होते असे नाही. फेटरँगसची लूसी स्ट्यूअर्ट (१९०१–१९८२) मोठ्या गाण्यांची खाण. अमेरिकन अभ्यासक केनेथ गोल्डस्टीनने १९५९-६० मध्ये तिचे ध्वनिमुद्रण केले आणि १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या फोकवेज कंपनीने तिची तबकडी काढली. पण लूसी जाहीर कार्यक्रमात कधी गायली नाही. बहीण जीन नृत्याच्या वाद्यवृंदासह गावोगाव फिरे. घर आणि बहिणीची मुले लूसी सांभाळी. तिची भाची एलिझाबेथ पुढे नामवंत गायिका झाली. दाई ते मावशी ते भाची, ती अठराव्या शतकातली वाट इथे पुन्हा दिसते.

३१/
ब्लेअरगाउरीच्या बेल स्ट्यूअर्टची (१९०६–१९९७) गोष्ट उलटी. रासबेरी तोडणीच्या हंगामावर तिने एक गाणे रचले. ते इतके पसरले की गोळा करणाऱ्यांना ते निनावी लोकगीत म्हणून भेटू लागले. १९५० च्या दशकात हेंडरसनच्या सांगण्यावरून मॉरिस फ्लेमिंग रचनाकार शोधत निघाला आणि बेलपाशी पोहोचला. 'लोकांनी' रचलेल्या त्या गाण्याची लोक म्हणजे एक बाई होती, हयात होती आणि तिथेच राहत होती. आणखी पन्नास वर्षांनी कुणी शोध घेतला असता तर?

३२/
बेलची मुलगी शीला (१९३७–२०१४) मोठी गाणी शिकली ती डोनल्ड या मामाकडून. म्हणजे परंपरा फक्त आईकडून मुलीकडे जाते असेही नाही. आवाज चांगला असून भागत नाही, असे शीला सांगे. गाण्यात 'कॉन्याख' लागतो. ट्रॅव्हलरांच्या बोलीतला हा शब्द. गाणाऱ्याच्या आतून येणारा, ऐकणाऱ्याला भिडणारा जिवंतपणा, असा काहीसा अर्थ. चाइल्डच्या क्रमांकांत त्याला रकाना नाही.

३३/
शेवटी जीनीची मुलगी लिझी हिगिन्स (१९२९–१९९३). जगप्रसिद्ध आईची मुलगी, गाणी तीच, गळाही तोलामोलाचा. तरी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ती लोकांसमोर गायली नाही. मासळीच्या कारखान्यात काम करत राहिली. आईच्या गाण्यांतून स्वतःचा आवाज काढायचा कसा? लिझीने बापाकडे पाहिले. डोनल्ड हिगिन्स हा बॅगपाइप वाजवणारा. पाइप म्हणजे त्या काळी पुरता पुरुषांचा प्रांत. तिने अनेक गीतांच्या चाली त्याच्या वादनातून उचलल्या, आणि पाइपवर बोटे सुरांना जे बारीक झटके देतात ते गळ्यातून काढू लागली.

३४/
आईमुलीची ध्वनिमुद्रणे आज दोन्ही उपलब्ध आहेत. एकच गीत आधी जीनीचे ऐकावे, मग लिझीचे. जीनी शब्दावर रेंगाळते, प्रत्येक ओळ जणू उंबरठ्यावर उभी राहून सांगते. लिझीच्या आवाजात तोच मजकूर पाइपच्या धारेसारखा सलग निघतो आणि वळणावळणावर थरथरतो. शब्द आईचे, सुरांची वळणे बापाची. १९६९ मध्ये तिची पहिली तबकडी निघाली, तिच्या स्वतःच्या नावाने. जीनी तेव्हा हयात होती.